आधी फोन, मग ट्रक

सप्टेंबरअखेर आली की किल्लारीच्या भूकंपाचा विषय निघतोच. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या रात्री गणपती बोळवून गावं नुकती निजली होती. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत मिळून आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. पुन्हा कुठे असं संकट आलं तर इथून, बेळगाव-खानापूर-निपाणी भागातून, नेमकं काय करावं, असं विचारणारी पत्रं या महिन्यात बरीच आली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

आमच्या मंडळाची जुनी पद्धत आहे. कुठे आपत्ती आली की गल्लीत फिरून कपडे, धान्य, भांडी गोळा करायची आणि ट्रक भरून पाठवायचा. भूकंप झाला तर पहिल्याच दिवशी ट्रक सोडावा का?
*गणेशोत्सव मंडळाचे कार्यकर्ते, शहापूर, बेळगाव*

पहिल्या दिवशी सोडू नका. भूकंपानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत ढिगाऱ्याखालून जी माणसं जिवंत निघतात, त्यांतली बहुतेक शेजाऱ्यापाजाऱ्यांनीच काढलेली असतात. त्या वेळी गावात जाणारा एकेरी रस्ता रुग्णवाहिका, जेसीबी आणि एनडीआरएफच्या (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या) गाड्यांसाठी मोकळा असावा लागतो. तिथे कपड्यांचा ट्रक आडवा लागला तर मदतीचा अडथळा होतो, आणि तो माल उतरवून घ्यायलाही कुणी रिकामं नसतं.

पहिल्या दिवशी करायचं काम फोनचं आहे. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७. दुसऱ्या जिल्ह्यात लावताना त्या जिल्ह्याचा एसटीडी कोड आधी लावा, नाहीतर फोन आपल्याच डीसी ऑफिसात (जिल्हाधिकारी कार्यालयात) वाजेल. वही घेऊन बसा आणि पाच गोष्टी विचारून लिहून घ्या: काय कमी पडतंय, किती कुटुंबांना, कोणत्या गावात, माल कोण ताब्यात घेणार (नाव आणि हुद्दा), आणि गाडी कुठे रिकामी करायची. ‘सगळंच लागतंय, पाठवा’ असं उत्तर आलं तर समजा की अजून त्यांचीच मोजदाद झालेली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावा. तोवर गल्लीत निरोप द्या की आता फक्त पैसे गोळा होतील, वस्तूंचं नंतर सांगू. हा निरोप उशिरा गेला तर मंडपात जुन्या कपड्यांची गाठोडी येऊन पडतात आणि मग ती परत करणं जिवावर येतं.

कपड्यांबद्दल जरा स्पष्ट लिहितो. २००१ च्या भूजच्या भूकंपानंतर आणि २००४ च्या सुनामीनंतर रस्त्याकडेला जुन्या कपड्यांचे ढीग पडून राहिले. देणाऱ्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण एक साडी हातात घेऊन पाहा. तिच्यासोबत परकर आहे का? ब्लाउज आहे का, आणि असला तर कुणाच्या मापाचा? ज्या बाईचं घर अंगावरच्या कपड्यांनिशी पडलं, तिला नुसती साडी देऊन भागत नाही, आणि परकर द्यायचं नेमकं सगळ्यांच्या लक्षातून जातं. मराठवाड्यातल्या गावात साठीपुढच्या बाया नऊवारी नेसतात, त्यांना पाचवारी पुरत नाही. द्यायचंच असेल तर साडी, शिवलेला नाडीचा परकर, एक मीटर ब्लाउजपीस आणि सुईदोरा असा एक संच बांधा. अंतर्वस्त्रं नवीच द्या. पुरुषांसाठी लुंगी किंवा धोतर चालतं, पँटींच्या मापाचा घोळ होतो. थंडीचे दिवस असतील तर आपल्या भागातली धनगरी घोंगडी उपयोगी पडते. पातळ सोलापुरी चादर तंबूत थंडी अडवत नाही.

ट्रक निघेल तेव्हा सोबत मालाची यादी, मंडळाचं पत्र आणि ज्यांच्याकडे माल जाणार त्या अधिकाऱ्याचा होकार (मेसेज छापून घेतलेला चालेल) असू द्या. मालाची किंमत पन्नास हजारांच्या वर असेल तर ई-वे बिलाचा (माल नेताना जीएसटीखाली काढायच्या ऑनलाइन कागदाचा) प्रश्न येतो. दानाचा माल म्हणून तो आपोआप सुटत नाही, असं धरून चाला आणि कर सल्लागाराकडून आधी पाहून घ्या. राज्याच्या सीमेवर, कोगनोळीपुढे मध्यरात्री गाडी अडल्यावर हे शोधत बसणं अवघड जातं. मोठ्या आपत्तीत रेल्वे कधी कधी मदतीचं सामान मोफत नेते, २०१८ च्या केरळच्या पुरात नेलं होतं. तशी घोषणा झाली आहे का, हे बेळगाव स्थानकाच्या पार्सल ऑफिसात विचारा.

आमचा महिला स्वसहाय्य गट आहे. आम्ही धान्याचे किट बांधून देऊ शकतो. एका कुटुंबाला किती आणि काय घालावं?
*गटाच्या सदस्य, संकेश्वर*

ताई, हिशेब माणशी दिवसाचा करायचा. मदतकार्यात सर्वसाधारण धरतात ते माणशी रोज २,१०० उष्मांक. त्यातला मोठा भाग यातून भागतो: धान्य ४०० ग्रॅम, डाळ ६० ग्रॅम, तेल २५ ग्रॅम, मीठ ५ ग्रॅम. पाच माणसांचं घर आणि पंधरा दिवस धरले तर धान्य ३० किलो, डाळ साडेचार किलो, तेल दोन किलोच्या आत-बाहेर, मीठ ४०० ग्रॅम. वर चटणी, हळद, साखर, चहापूड तुमच्या अंदाजाने. चहापूड विसरू नका, रात्रभर उघड्यावर बसलेल्या माणसाला सकाळी पहिली तीच आठवते.

हे सगळं मिळून ३७-३८ किलो होतं. एवढं पोतं एका माणसाला उचलत नाही, आणि रांगेत बऱ्याचदा म्हातारी माणसं आणि बायाच असतात. म्हणून दोन पिशव्या करा. धान्य असलेलीसुद्धा १५-१५ किलोच्या दोन भागांत केली तर उत्तम. अशा दोनशे कुटुंबांचा माल साडेसात टनांच्या घरात जातो, म्हणजे साधारण एक ट्रक. किती किट बांधायचे हे ट्रकवरून ठरवा, म्हणजे अर्धी गाडी रिकामी जात नाही आणि वीस किट मागेही राहत नाहीत.

धान्य कोणतं, हा खरा प्रश्न. लातूर-सोलापूरकडे ज्वारी, नेपाळसारख्या ठिकाणी भात. ज्वारी द्यायची तर दाणे द्यायचे की पीठ? वीज नाही, गिरणी पडली आहे, तिथे दाणे काय कामाचे? पण ज्वारीचं पीठ फार दिवस राहत नाही, कडू होतं. त्यामुळे पहिल्या खेपेला अर्धं पीठ, अर्धा तांदूळ द्या. गिरणी चालू झाल्याचं कळलं की पुढच्या खेपेपासून दाणे. चूल, सरपण किंवा गॅस आहे की नाही हेही आधी विचारा. पहिल्या आठवड्यात बऱ्याच ठिकाणी शिजवायची सोयच नसते. तेव्हा चुरमुरे, डाळं, शेंगदाणे, गूळ, पोहे हेच कामाचं. पोहे तर पाण्यात भिजवूनही खाता येतात. गोकाकचा करदंट (सुक्यामेव्याची वडी) टिकतो, तो पाठवता येईल. कुंदा प्रेमाने कितीही द्यावासा वाटला तरी नको, खव्याचा पदार्थ वाटेतच खराब होतो.

बांधताना होणाऱ्या चुका सांगतो. साबण आणि पीठ एका पिशवीत घातलं की पिठाला साबणाचा वास लागतो आणि भाकरी कुणी खात नाही. साबण, धुण्याची पावडर, सॅनिटरी पॅड यांची पिशवी वेगळी करा. तेलाचे पाऊच पोत्याच्या तळाशी गेले की फुटतात आणि खालचं सगळं वाया जातं. तेल बाटलीत घ्या आणि उभं राहील असं खोक्यात लावा. मिठाची पिशवी दुहेरी करा, ते पाणी धरतं. मेणबत्त्या घालू नका, ताडपत्रीच्या तंबूला आग लागायला एक मेणबत्ती पुरते. त्याऐवजी सौर दिवे किंवा सेलची बॅटरी द्या.

पोत्यावर मार्करने लिहिलेलं पावसात पुसतं. कागदावर लिहून तो प्लास्टिकमध्ये घालून शिवा, दोन बाजूंना. एका खोक्यात एकच वस्तू. ‘संमिश्र साहित्य’ लिहिलेलं खोकं सगळ्यात शेवटी उघडलं जातं, कारण ते निवडत बसायला माणूस लागतो. आणि जे आधी वाटायचं ते ट्रकमध्ये शेवटी चढवा.

ताडपत्री पाठवायची आहे. कोणती घ्यावी?
*व्यापारी, गोकाक*

निदान १२ बाय १८ फुटांची, शक्य असेल तर थोडी मोठी, २०० जीएसएम (चौरस मीटरला २०० ग्रॅम) किंवा त्याहून जाड, कडांना दोरी शिवलेली आणि रिंगा बसवलेली. बाजारात मिळणारी पातळ निळी ताडपत्री दोन-तीन आठवड्यांच्या उन्हात चिरते. एका कुटुंबाला दोन लागतात, एक छताला आणि एक बाजूला किंवा खाली. सोबत तीस मीटर नायलॉन दोर, बांधायची तार, खिळे, हातोडी आणि कुदळ द्या. नुसती ताडपत्री दिली की लोक ती पडक्या भिंतीला बांधतात, आणि पुढच्या धक्क्यात तीच भिंत अंगावर येते. म्हणून बांबू किंवा लाकडी खांब तिथे मिळतात का, हे विचारूनच पाठवा.

व्हॉट्सअ‍ॅपवर क्यूआर कोड येतात. खरे-खोटे कसे ओळखावेत? आणि मंडळाने पैसे गोळा करताना काय पाळावं?
*तंबाखू व्यापारी, निपाणी*

फॉरवर्ड होऊन आलेल्या कोडवर पैसे टाकायचेच नाहीत, कितीही ओळखीच्या माणसाने पाठवला तरी. पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी, महाराष्ट्राचा मुख्यमंत्री सहायता निधी, कर्नाटकाचा मुख्यमंत्री परिहार निधी यांची संकेतस्थळं सरकारी आहेत. तिथला पत्ता स्वतः उघडा आणि तिथूनच भरा. २०२० मध्ये पीएम केअर्सच्या नावाने कितीतरी बनावट यूपीआय पत्ते निघाले होते. खऱ्या पत्त्यातलं ‘केअर्स’मधलं शेवटचं एकच अक्षर गाळलेलं, बाकी सगळं जसंच्या तसं. घाईत ते डोळ्यांना दिसत नाही. रक्कम टाकल्यावर पिन घालायच्या आधी पडद्यावर खातेदाराचं नाव येतं, तिथे दोन क्षण थांबा. संस्थेऐवजी कुणा व्यक्तीचं नाव दिसलं तर मागे फिरा.

संस्थेला द्यायचे असतील तर तिची नोंदणी, पॅन, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांक विचारा. त्याहून महत्त्वाचं, त्या भागात ती आधीपासून काम करत होती का हे विचारा. भूकंपानंतर आठ दिवसांत जन्मलेल्या संस्थेला गावची गल्ली ठाऊक नसते.

मंडळाने गोळा करताना पैसे मंडळाच्या खात्यावरच घ्या, अध्यक्षांच्या किंवा खजिनदाराच्या वैयक्तिक फोनवर नको. माणूस कितीही प्रामाणिक असला तरी उद्या त्यालाच हिशेब देता येत नाही आणि नाहक बोल लागतो. क्रमांक असलेलं पावतीपुस्तक, बँकेतून काढायला दोघांच्या सह्या, आणि दर आठवड्याला फलकावर जमा-खर्च. पावतीवर एक ओळ छापा: ही रक्कम कशासाठी, कोणत्या तारखेपर्यंत खर्च होईल, उरली तर कुणाला दिली जाईल. ही ओळ नसल्यामुळे मागे उरलेल्या रकमेवरून मंडळात फाटाफूट झालेली आपल्या भागात पुष्कळांना ठाऊक आहे.

अशा देणगीवर आयकरात सवलत मिळते का?
*नोकरदार, चिकोडी*

८० जी म्हणून ओळखली जाणारी सवलत मिळते, पण जुनी करप्रणाली निवडली असेल तरच. पंतप्रधान आणि मुख्यमंत्री निधींना दिलेल्या रकमेची पूर्ण वजावट, इतर मान्यताप्राप्त संस्थांना बहुधा निम्मी आणि मर्यादेसह. रोख दोन हजारांच्या वर दिलं तर त्याची वजावट नाही. वस्तू किंवा धान्य दिलं तर त्याचीही नाही.

आम्ही दहा-बारा मित्र ट्रेकिंग करणारे, अंगाने मजबूत आहोत. भूकंप झाला तर लगेच जाऊन ढिगारे उपसायची तयारी आहे. सोबत काय न्यावं?
*तरुण, खानापूर*

तुमची तयारी मोलाची आहे, पण प्रशिक्षण नसेल तर पहिल्या तीन दिवसांत ढिगाऱ्यावर चढू नका. कारण सांगतो.

दगड-मातीचा ढीग वरून घट्ट दिसतो, पण आत पोकळ्या असतात आणि त्या पोकळीतच माणूस जिवंत असतो. वर दहा जण चढले की ती पोकळी दबते. म्हणूनच शोधपथकं मध्येच सगळी यंत्रं, गाड्या बंद करायला लावून शांतता पाळतात. आतून येणारी हाक किंवा ठोका ऐकू यावा, हा त्यामागचा हेतू. दुसरी गोष्ट अडकलेल्या हातापायाची. पाय किंवा मांडी तासाभराहून अधिक काळ दगडाखाली चिरडलेली असेल आणि तो दगड झटक्यात उचलला, तर चेंगरलेल्या स्नायूंतलं पोटॅशियम एकदम रक्तात जातं आणि हृदय बंद पडू शकतं. दगड काढायच्या आधी शिरेतून सलाईन सुरू करावं लागतं. शेजाऱ्यांनी जीव वाचवला आणि माणूस पंधरा मिनिटांनी गेला, असं यामुळेच होतं. अडकलेला माणूस बोलत असेल तर त्याच्याशी बोलत राहा आणि डॉक्टर किंवा प्रशिक्षित पथक येईपर्यंत जड वजन हलवू नका.

आणि भूकंप एकदाच होत नाही. नेपाळमध्ये २५ एप्रिल २०१५ ला ७.८ क्षमतेचा धक्का बसला, आणि सतरा दिवसांनी, १२ मे ला, ७.३ चा. पहिल्या धक्क्यात तडा गेलेली घरं दुसऱ्यात खाली आली. तडकलेल्या घरात सामान काढायलासुद्धा शिरू नका, मालकाने कितीही विनवलं तरी.

मग तुम्ही जायचं कधी? दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यानंतर. तोवर टीव्हीवाले निघून गेलेले असतात, पहिल्या दिवसांचे स्वयंसेवक थकलेले असतात, आणि काम मात्र तेवढंच असतं. गाडी उतरवणं, रांगा लावणं, याद्या करणं, शौचालयाचे खड्डे खणणं, पाण्याच्या टाक्या भरणं. जिल्हा प्रशासनाकडे नाव नोंदवून, कोणत्या गावात आणि कुणाच्या हाताखाली हे ठरवूनच जा. एक गट दहा-बारा जणांचा, एक प्रमुख, दोघे स्वयंपाकाला, आणि आठ ते दहा दिवसांनी बदली.

सोबत पहिल्या तीन दिवसांचं स्वतःचं जेवण आणि माणशी रोज तीन लिटर पाणी, तंबू, जाड तळव्याचे बूट (ढिगाऱ्यात उभे खिळे असतात, स्पोर्ट्स शूज नकोत), हेल्मेट, चामडी हातमोजे, एन-९५ मास्क, शिट्टी, बॅटरी. धनुर्वाताचं इंजेक्शन निघण्याआधी घ्या. खिशात कागदावर नाव, रक्तगट आणि घरचा नंबर लिहून ठेवा. फोन बंद पडतो, कागद राहतो.

तुमच्याकडे अजून एक गोष्ट आहे जी पुण्या-मुंबईच्या पोरांकडे नाही. तुम्हाला मराठी आणि कानडी दोन्ही येतं. अक्कलकोट, आळंद, बसवकल्याण, भालकी या पट्ट्यात एका गावात दोन्ही बोलल्या जातात. एक भाऊ महाराष्ट्रात आणि बहीण कर्नाटकात, पंचनामा दोन राज्यांचा, अर्ज दोन भाषांत. कानडी बोलणाऱ्या म्हातारीला मराठी फॉर्म भरून देणं, तिच्या नावाचं स्पेलिंग आधार कार्डाशी जुळतंय का ते पाहणं, हे काम ढिगारा उपसण्याइतकंच मोठं आहे. नाव न जुळल्यामुळे अडकलेला मदतीचा हप्ता सोडवायला महिने जातात.

आत्तापासूनच काही करायचं असेल तर ‘आपदा मित्र’ या सरकारी योजनेखाली स्वयंसेवकांना प्रशिक्षण देतात. आपल्याकडे पुढची तुकडी कधी आहे, हे डीसी ऑफिसातल्या आपत्ती विभागात विचारा.

आमच्या मराठी माध्यमाच्या शाळेत मुलांची जुनी पुस्तकं खूप पडून आहेत. लातूरकडच्या मुलांना पाठवता येतील का?
*शिक्षिका, येळ्ळूर*

बाई, भाषा एकच असली तरी पाठ्यपुस्तकं वेगळी आहेत. आपल्या मराठी शाळांत कर्नाटकाच्या अभ्यासक्रमाची पुस्तकं असतात, तिकडे बालभारतीची. तुमचं सातवीचं गणित तिथल्या मुलाच्या वर्गात चालणार नाही. गोष्टीची पुस्तकं, कोऱ्या वह्या, कंपासपेटी, रंग, चेंडू, दोरीच्या उड्यांची दोरी, एवढं पाठवा. मुलांना त्या दिवसांत अभ्यासाहून खेळ जास्त लागतो. कुणी आपण होऊन बोललं तर ऐका, पण ‘त्या रात्री काय झालं ते सांग’ असं म्हणून बोलतं करू नका. फोटो काढायचे नाहीत. भेटकार्डांची खोकी भरून पाठवण्याऐवजी एका शाळेशी वर्षभर पत्रव्यवहार ठेवा.

औषधं आणि लहान मुलांची दूध पावडर देता येईल का?
*मेडिकल दुकानदार, चिकोडी*

दूध पावडर आणि दुधाच्या बाटल्या नकोत. एक तर १९९२ च्या कायद्याने आईच्या दुधाला पर्यायी पावडर आणि बाटल्या दान करायला बंदी आहे, अनाथालयांपुरता अपवाद सोडून. आणि कायदा तसा का आहे, हेही पाहण्यासारखं आहे. शिबिरात पाणी गढूळ, बाटली उकळायला सोय नाही. त्या पाण्यात कालवलेली पावडर पाजली की तान्ह्याला जुलाब लागतात, आणि तोवर आईचं दूध आटलेलं असतं. आईला पोटभर जेवण आणि बसायला आडोसा दिला की दूध येतं. तुम्ही द्यायचं ते तिला द्या.

औषधं संस्थेने किंवा आरोग्य विभागाने नावासकट मागितली तरच द्या. मुदत निदान वर्षभर शिल्लक असावी, पट्टी फोडलेली नसावी. घरोघरच्या उरलेल्या गोळ्या गोळा करून पाठवू नका, त्या निवडायलाच फार्मासिस्ट गुंतून पडतो. ओआरएस आणि क्लोरीनच्या गोळ्यांची मागणी बहुतेक वेळा असते. क्लोरीनच्या गोळ्या वेगवेगळ्या ताकदीच्या मिळतात, कोणती किती लिटरला हे पाकिटावर पाहून मराठी-कानडीत मोठ्या अक्षरांत लिहून द्या. वीस लिटरची गोळी एका कळशीत टाकली की पाणी तोंडात धरवत नाही, आणि मग लोक शुद्ध केलेलं पाणीच पीत नाहीत.

जाता जाता एक. मृतदेहांमुळे रोगराई पसरते म्हणून घाईने सामूहिक अंत्यविधी करायची गरज नसते. अपघाताने गेलेल्यांपासून साथ पसरत नाही. ओळख पटवून, फोटो आणि खुणा नोंदवून मगच विधी व्हावेत. नाहीतर घरच्यांना शेवटपर्यंत कळत नाही, आणि मृत्यूचा दाखला नसल्यामुळे मदतही अडते.

रक्तदान शिबिर लगेच घ्यावं का?
*महाविद्यालयीन विद्यार्थी, बेळगाव*

रक्तपेढीला विचारून, टप्प्याटप्प्याने. तांबड्या पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट पाचच. सगळ्यांनी एकाच दिवशी दिलं की दीड महिन्याने उरलेलं टाकून द्यावं लागतं, आणि पुरुषांना ९० दिवस, स्त्रियांना १२० दिवस पुन्हा देता येत नाही. इच्छुकांची रक्तगटवार यादी करा आणि दर आठवड्याला वीस-पंचवीस जणांना बोलवा.

भूकंपात अनाथ झालेलं मूल दत्तक घ्यायची इच्छा आहे.
*दांपत्य, बैलहोंगल*

शिबिरातून किंवा रुग्णालयातून मूल थेट घेता येत नाही, कुणी देऊ केलं तरी तो गुन्हा ठरतो. आधी बाल कल्याण समिती आजी, मामा, चुलता यांचा शोध घेते, आणि बऱ्याचदा कुणीतरी सापडतं. कुणीच नसेल तरच मूल दत्तकासाठी मोकळं होतं, आणि ते केंद्रीय दत्तक संस्थेच्या, म्हणजे ‘कारा’च्या यादीतूनच. नोंदणी करून ठेवा. एकटं फिरणारं मूल दिसलं तर १०९८ ला कळवा.

मी गवंडी आहे. दगडाचं काम येतं. पुन्हा घरं बांधायला मदत करायची तर भूकंपाच्या दृष्टीने काय वेगळं करावं लागतं?
*गवंडी, खानापूर तालुका*

अशा पत्राची आम्ही वाट पाहत होतो. किल्लारीला माणसं मेली ती भिंतीखाली आणि माळवदाखाली, म्हणजे मातीच्या सपाट छताखाली. दीड-दोन फूट जाडीची भिंत म्हणजे खरं तर दोन भिंती असतात: बाहेरचा दगडी थर, आतला दगडी थर, मध्ये मातीत टाकलेले बारके दगड. वर लाकडी खण आणि त्यावर मातीचं माळवद. दर पावसाळ्याआधी वर माती टाकत टाकत ते वर्षागणिक जड होत जातं. हादरा बसला की दोन्ही थर एकमेकांपासून सुटतात, बाहेरचा फुगून रस्त्यावर पडतो, आणि आधार गेलेलं माळवद झोपलेल्या माणसांवर येतं.

त्याला उपाय आरपार दगडाचा. भिंत दीड फुटाहून जाड करायची नाही. दर दोन फूट उंचीला आणि आडवं दर चार फुटाला एक दगड असा बसवा की त्याचं एक तोंड बाहेर आणि दुसरं आत दिसेल. तेवढा लांब दगड मिळत नसेल तर त्या जागी काँक्रीटची लादी ओता, आत आकडा वळवलेली सळई घालून. काम झाल्यावर आरपार दगडांच्या तोंडावर रंगाचा ठिपका द्या, म्हणजे मालकाला मोजता येतात.

दुसरं म्हणजे पट्टे. जोत्याला, दारं-खिडक्यांच्या वर आणि छताखाली, घराभोवती न तुटता फिरणारा काँक्रीटचा पट्टा. जाडी निदान तीन इंच, आत लांबीच्या दोन सळया आणि दर सहा इंचाला रिंग. गफलत होते ती कोपऱ्यात. सळई कोपऱ्यापर्यंत आणून तिथेच कापतात, आणि दुसऱ्या भिंतीची सळई तिथून नव्याने सुरू होते. मग पट्टा नावालाच राहतो, आणि हादऱ्यात पहिला कोपराच उघडतो. सळई कोपऱ्यात वळवून दुसऱ्या भिंतीत चांगली दीड-दोन फूट शिरली पाहिजे आणि तिथल्या सळईशी तारेने बांधली पाहिजे. दार-खिडकी कोपऱ्यापासून निदान दोन फूट लांब. आणि पट्ट्यावर पाणी मारायला विसरू नका, निदान सात दिवस, उन्हाळा असेल तर दहा.

तिथे गेलात तर स्थानिक गवंड्यांच्या जागी काम करू नका, त्यांच्या बरोबर करा. भूकंपात त्यांचंही घर पडलेलं असतं, आणि बांधकामाची मजुरी हेच त्या वर्षीचं त्यांचं उत्पन्न. एक नमुन्याचं घर किंवा नुसता नमुन्याचा कोपरा गावच्या चौकात बांधून दाखवा, पट्टा ओतायच्या आधी दोन दिवस सळया उघड्या ठेवा, येणाऱ्या-जाणाऱ्याला हात लावून पाहू द्या. पडलेल्या घरांचे दगड आणि सागवानी तुळया वाया घालवू नका. ढिगारा उचलताना प्रत्येक तुळईवर मालकाचं नाव लिहून ठेवा, नाहीतर पुढे गावात त्यावरूनच भांडणं लागतात.

आमच्याकडे मदतीसाठी गोळा केलेली रक्कम सहा महिन्यांनंतरही शिल्लक आहे. काय करावं?
*युवक मंडळ, रायबाग*

शिल्लक राहिली हे वाईट झालं नाही. सहा महिन्यांनी तिथे पैशाची गरज संपलेली नसते, फक्त बातम्या संपलेल्या असतात. ज्या गावात तुम्ही माल दिला होता तिथे दोघांना पाठवा आणि सरपंच, महिला गट आणि शाळा या तिघांना वेगवेगळं विचारा. एकाच ठिकाणी विचारलं तर एकच गरज कळते. शिलाई यंत्रं, पिठाची गिरणी पुन्हा उभी करणं, शेळ्या, जनावरांचा कडबा अशा गोष्टी त्या वेळी निघतात. मोठ्या जनावराला दिवसाला सहा ते आठ किलो कोरडा कडबा लागतो. तो इथून ट्रकने नेण्यापेक्षा तिथल्याच शेतकऱ्याकडून विकत घेऊन द्या, म्हणजे पैसाही गावातच राहतो. देणगीदारांना तसं कळवा, ठराव लिहा, आणि खर्चाच्या पावत्या फलकावर लावा, पहिल्या आठवड्यात लावल्या होत्या तशाच.